सुईची वेदना आणि तिचा इशारा

त्वचेखाली सुईने औषध सोडण्याची कल्पना मुळात वेदना शमविण्यासाठीच जन्माला आली. १८४४ साली डब्लिन शहरातील मीथ रुग्णालयात फ्रान्सिस रिंड या शल्यचिकित्सकाने चेहऱ्याच्या असह्य मज्जाशूलाने पीडित झालेल्या एका स्त्रीच्या त्वचेखाली मॉर्फिनचा द्राव सोडला आणि तिला आराम पडला. पुढे १८५३ च्या सुमारास एडिंबरोच्या अलेक्झांडर वुड यांनी त्याच हेतूने पोकळ सुई आणि पिचकारी यांचा उपयोग केला. आज जिला आपण इंजेक्शन म्हणतो ती पद्धत येथून रूढ झाली.

गेल्या चार-पाच दशकांत मात्र या सुईला एक अगदी निराळे काम मिळाले आहे. चेहऱ्यावरील सुरकुत्या कमी करणे, खोल गेलेले गाल किंवा पातळ झालेले ओठ भरून काढणे, वयाने सैल पडलेल्या त्वचेला पुन्हा टवटवी आणणे यांसाठी त्वचेत निरनिराळी द्रव्ये टोचली जातात. येथे चिकित्सकाकडे येणारा माणूस आजारी नसतो. त्याला काही दुखत नसते. त्याच्याच इच्छेने, काही काळापुरती का होईना, त्याला वेदना द्यावी लागते. ती कमीत कमी असावी ही त्याची अपेक्षा रास्तच आहे. परंतु वेदना घालविण्याच्या प्रत्येक उपायाला स्वतःची अशी एक किंमत असते, आणि वेदना ही नुसती पीडा नसून ती शरीराने दिलेली सूचनाही असते. या दोन्ही गोष्टींचे भान ठेवून हा विषय समजून घेतला पाहिजे.

टोचण्याचे दोन प्रकार

या उपचारांत वापरल्या जाणाऱ्या द्रव्यांचे स्थूलमानाने दोन गट पडतात. पहिला गट बोट्युलिनम या जीवाणुजन्य विषाच्या अत्यंत सौम्य मात्रांचा. हे विष चेतातंतूकडून स्नायूकडे जाणारा संदेश काही महिने रोखून धरते. त्यामुळे स्नायू सैल पडतो आणि त्याच्या आकुंचनाने पडणारी आठी नाहीशी होते. अमेरिकेत या औषधाला १९८९ साली प्रथम मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांचे अनैच्छिक आकुंचन या विकारांसाठी. भुवयांमधील आठ्यांसाठी ती २००२ साली मिळाली.

दुसरा गट भरण-द्रव्यांचा, म्हणजे ज्यांना व्यवहारात ‘फिलर’ म्हणतात त्यांचा. गायीच्या कातड्यापासून काढलेले कोलॅजेन हे त्यांतील एक आरंभीचे द्रव्य. अमेरिकेत त्याला १९८१ साली मान्यता मिळाली. काही लोकांना त्याचे वावडे असल्यामुळे आधी हातावर थोडेसे टोचून कित्येक आठवडे वाट पाहावी लागे. आज त्याची जागा बव्हंशी हायलुरॉनिक आम्लाने घेतली आहे. हा पदार्थ कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ साली गुरांच्या डोळ्यातील काचद्रवातून वेगळा केला. तो आपल्या त्वचेतही असतो आणि पाणी धरून ठेवण्याचे काम करतो.

या दोहोंची वेदना सारखी नसते. बोट्युलिनमच्या वेळी सुई बारीक असते, औषध थेंब-दोन थेंब असते आणि प्रत्येक टोचणी क्षणभराची असते. म्हणून कपाळावरील उपचारात बहुतेकांना कोणतीही भूल लागत नाही. हेच औषध तळहाताचा अतिरिक्त घाम थांबविण्यासाठी देतात तेव्हा मात्र संवेदनाक्षम अशा तळहातावर अनेक ठिकाणी टोचावे लागते आणि वेदना चांगलीच होते. भरण-द्रव्य हे दाट, चिकट असे जेल असते. ते जागा करून घेताना भोवतालच्या ऊतींना ताणते. त्यामुळे टोचण्याच्या वेदनेत ताणाची वेदना मिसळते. ओठांवर ती सर्वांत तीव्र असते, कारण बोटांची टोके आणि ओठ या ठिकाणी संवेदक चेतातंतूंची दाटी फार आहे.

वेदनेचा मार्ग

सुई टोचली की आधी एक तीक्ष्ण, नेमक्या जागेची कळ येते आणि पाठोपाठ पसरणारी, रेंगाळणारी ठणक सुरू होते. या दोन वेदना दोन निराळ्या तंतूंनी वाहून नेलेल्या असतात. पहिली बारीक पण वेष्टन असलेल्या तंतूंतून, सेकंदाला सुमारे ५ ते ३० मीटर या वेगाने जाते. दुसरी वेष्टन नसलेल्या, त्याहूनही बारीक तंतूंतून सेकंदाला जेमतेम ०.५ ते २ मीटर वेगाने जाते. स्पर्श आणि कंप यांची जाणीव नेणारे तंतू जाड असून त्यांचा वेग पुष्कळ अधिक असतो.

मूल पडले की आई दुखऱ्या जागेवर हात चोळते. ठेच लागली की आपण अंगठा घट्ट दाबून धरतो. या जुन्या अनुभवाचे शास्त्रीय स्पष्टीकरण रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडले. त्यांच्या मते मज्जारज्जूत जणू एक फाटक असते. जाड तंतूंतून स्पर्शाचे संदेश मोठ्या प्रमाणावर येऊ लागले की हे फाटक वेदनेच्या संदेशाला अंशतः बंद होते. मेंदूकडून येणाऱ्या आज्ञाही हे फाटक उघडू किंवा मिटू शकतात. भीतीने वेदना वाढते आणि लक्ष दुसरीकडे वेधले की ती कमी होते, ते यामुळेच. या उपपत्तीच्या तपशिलात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण तिचे मूळ सूत्र टिकून आहे. टोचण्याच्या जागेजवळ त्वचा चिमटीत धरणे, बोटाने थोपटणे किंवा लहानसे कंपन-यंत्र टेकविणे हे साधे उपाय तिच्यावरच आधारलेले आहेत.

सुई, हात आणि थंडावा

औषधाचा विचार करण्यापूर्वी सुईचा विचार करावा. सुईच्या जाडीचा क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक असते. २५ क्रमांकाच्या सुईचा व्यास सुमारे अर्धा मिलिमीटर, तर ३० क्रमांकाच्या सुईचा सुमारे ०.३ मिलिमीटर असतो. बारीक सुई कमी दुखवते. परंतु दाट जेल तिच्यातून रेटावे लागते, आणि घाईने रेटले तर ऊती एकाएकी ताणल्या जातात. म्हणून द्रव्य सावकाश सोडणे हा वेदना कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय होय. अनेकदा टोचल्याने सुईचे टोक बोथट होते. तेव्हा मध्येच सुई बदलणेही हिताचे असते.

काही ठिकाणी तीक्ष्ण सुईऐवजी बोथट टोकाची लवचिक नलिका वापरतात. एकाच छिद्रातून ती आत सरकवून बऱ्याच भागात द्रव्य पसरविता येते. त्यामुळे टोचण्यांची संख्या घटते आणि रक्तवाहिन्या फाटण्याऐवजी बहुधा बाजूला सरतात. तथापि ही नलिका पूर्णपणे निर्धोक आहे असे मात्र नाही.

थंडाव्याने अंग बधिर होते हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १८०७ च्या आयलाउच्या लढाईत, कडाक्याच्या थंडीमध्ये, जखमी सैनिकांना अवयव कापण्याच्या वेदना कमी जाणवल्याचे नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक लारे यांच्या ध्यानात आले होते. आजही स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला बर्फ मिनिट-दोन मिनिटे धरणे हा उपाय कपाळ आणि डोळ्यांचे कोपरे यांसाठी पुरेसा ठरतो. त्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि काळेनिळे डागही कमी पडतात. बर्फ फार वेळ धरला तर मात्र त्वचेला इजा होते.

घरून निघताना वेदनाशामक गोळी घेण्याची अनेकांना सवय असते. पॅरासिटामॉलने सहसा बिघडत नाही. पण ॲस्पिरिनमुळे रक्त गोठण्यास वेळ लागतो आणि चेहऱ्यावर डाग उमटतात. जे हृदयविकारासाठी ॲस्पिरिन नेमाने घेतात त्यांनी ते आपल्या मनाने बंद करू नये. तसे करणे डागांपेक्षा कितीतरी अधिक धोक्याचे आहे. सुई पाहूनच ज्यांना भोवळ येते त्यांनी ते आधी सांगावे आणि आडवे पडूनच उपचार घ्यावेत.

कोकेनपासून लिडोकेनपर्यंत

माणसाला शुद्धीवर ठेवून शरीराचा एखादाच भाग बधिर करण्याची विद्या १८८४ साली अवगत झाली. व्हिएन्नातील कार्ल कोलर या तरुण डॉक्टराने कोकेनचे थेंब घातले असता डोळा पूर्णपणे बधिर होतो हे दाखवून दिले. हायडेलबर्ग येथील नेत्रवैद्यांच्या परिषदेला जाण्याइतके पैसे त्याच्यापाशी नव्हते. त्याचा निबंध दुसऱ्याने वाचला. परंतु थोड्याच दिवसांत ही वार्ता जगभर पसरली. कोकेनचे व्यसन किती घातक आहे हे त्यानंतर कळून आले. आपल्यावरच प्रयोग करणारे अमेरिकन शल्यचिकित्सक विल्यम हॉलस्टेड त्या व्यसनात सापडले.

व्यसन न लावणाऱ्या पर्यायाचा शोध घेता घेता जर्मनीत आल्फ्रेड आइनहॉर्न यांनी प्रोकेन तयार केले आणि १९०५ पासून ते वापरात आले. त्याहून गुणकारी आणि क्वचितच वावडे निर्माण करणारे लिडोकेन १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी सिद्ध केले. या शोधाचे मूळ तर सातूच्या रोपांतील एका द्रव्याच्या अभ्यासात आहे. त्या द्रव्याशी मिळतेजुळते संयुग जिभेवर ठेवले असता जीभ बधिर होते, असे १९३५ साली आढळले होते. आपल्याकडील दंतवैद्य दात काढण्यापूर्वी हेच औषध टोचतात. ‘झायलोकेन’ या नावाने ते सर्वांच्या परिचयाचे आहे.

चेतातंतूच्या आवरणात सूक्ष्म दारे असतात. त्यांतून सोडियमचे कण आत शिरले म्हणजे संदेश पुढे सरकतो. लिडोकेन ही दारे आतल्या बाजूने अडविते. बारीक तंतू आधी बधिर होतात आणि जाड तंतू मागाहून. म्हणूनच भूल दिलेल्या जागी दुखत नसतानाही दाब जाणवतो. रुग्णाला हे आधी समजावून सांगितले तर दाब जाणवताच तो घाबरून जात नाही.

बाटलीतील लिडोकेन टिकावे म्हणून ते आम्लधर्मी ठेवलेले असते, आणि टोचताना होणारी जळजळ मुख्यतः त्या आम्लतेची असते. नऊ-दहा भाग लिडोकेनमध्ये एक भाग सोडियम बायकार्बोनेटचा द्राव ऐनवेळी मिसळला आणि ते शरीराइतके कोमट करून घेतले तर ही जळजळ पुष्कळच कमी होते. जेलमध्येच लिडोकेन मिसळण्याची पद्धतही आहे. जुन्या कोलॅजेनमध्ये ते ०.३ टक्के असे. २०१० पासून अमेरिकेत तेवढ्याच प्रमाणात लिडोकेन असलेले हायलुरॉनिक आम्लाचे जेल सर्रास मिळू लागले. अशा जेलची पहिली टोचणी दुखते, परंतु पुढच्या सौम्य होत जातात.

मलमाचा हिशेब

सुईच्या भीतीवर लोकांना सर्वांत आवडणारा उपाय म्हणजे बधिर करणारे मलम. अखंड त्वचेतून औषध आत मुरणे अवघड असते. लिडोकेन आणि प्रिलोकेन हे दोन्ही पदार्थ साध्या तपमानात घनरूप असतात, पण समप्रमाणात मिसळले की त्यांचे तेलासारखे द्रव बनते. या गुणाचा उपयोग करून १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये दोहोंचे प्रत्येकी २.५ टक्के असलेले मलम तयार झाले. ते लावून वर पातळ आच्छादन घातले की तासाभरात सुमारे तीन मिलिमीटर खोलीपर्यंत त्वचा बधिर होते. यावरून त्याची मर्यादाही कळते. ज्या खोलीवर जेल सोडले जाते तेथपर्यंत ते बहुधा पोहोचत नाही.

मलम म्हणजे निरुपद्रवी, अशी सर्वसामान्य समजूत असते. ती चुकीची आहे. लिडोकेन रक्तात जास्त प्रमाणात गेले की तोंडाभोवती बधिरता येते, कानात गुणगुण होते, जिभेवर धातूसारखी चव येते. पुढे कंप, झटके येतात आणि अखेर हृदयाची लय बिघडते. टोचण्यासाठी त्याची मर्यादा शरीराच्या वजनाच्या दर किलोग्रॅममागे ४.५ मिलिग्रॅम मानतात. ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसाला हे २७० मिलिग्रॅम झाले. याच्या शेजारी ५ टक्क्यांच्या तीस ग्रॅम मलमाची नळी ठेवा. तिच्यात १५०० मिलिग्रॅम औषध असते. ते सर्वच्या सर्व रक्तात उतरत नाही हे खरे. परंतु मोठ्या भागावर, जाड थर देऊन, घट्ट आच्छादनाखाली, किंवा सोललेल्या अथवा सुजलेल्या त्वचेवर लावले तर किती उतरेल याचा अंदाज करता येत नाही.

हा धोका काल्पनिक नाही. २००७ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याविषयी जाहीर इशारा दिला. लेसरने केस काढण्यापूर्वी पायांना असे मलम लावून वर आच्छादन गुंडाळल्यामुळे २२ आणि २५ वर्षे वयाच्या दोन तरुणी दगावल्या होत्या. २०२४ च्या मार्चमध्ये त्याच प्रशासनाने चिठ्ठीवाचून विकल्या जाणाऱ्या, ४ टक्क्यांहून अधिक लिडोकेन असलेल्या मलमांबाबत पुन्हा सावधगिरीची सूचना दिली. यातून घ्यावयाचा बोध सरळ आहे. मलम चिकित्सकाने ठरविलेल्या जागी, ठरविलेल्या मात्रेत आणि ठरविलेल्या वेळेपुरतेच लावावे. घरूनच भरपूर लावून येऊ नये. ज्या खोलीत भूल दिली जाते तेथे प्राणवायू आणि विषबाधेवर उतारा म्हणून शिरेतून द्यावयाचे स्निग्ध द्रावण जवळ असले पाहिजे.

चेतातंतूलाच भूल

ओठांच्या उपचारात मलम आणि बर्फ पुरे पडले नाहीत तर चेतातंतूच्या उगमाजवळ भूल देतात. डोळ्याच्या खोबणीच्या खालच्या कडेखाली हाडातील एका छिद्रातून वरच्या ओठाचा चेतातंतू बाहेर पडतो. खालच्या ओठाचा चेतातंतू खालच्या जबड्याच्या दुसऱ्या उपदाढेजवळून निघतो. तेथे थोडेसे लिडोकेन सोडले की सगळा ओठ बधिर होतो. औषध प्रत्यक्ष ओठात न टोचल्याने त्याचा आकार सुजून बिघडत नाही, हा या पद्धतीचा मोठा लाभ होय. परंतु बधिर ओठाची हालचाल नैसर्गिक राहत नाही. त्यामुळे हसताना दोन्ही बाजू सारख्या दिसतात की नाही हे चिकित्सकाला भूल देण्यापूर्वीच पाहून ठेवावे लागते. घरी गेल्यावर ओठ चावला जाण्याची आणि गरम चहाने पोळण्याची भीती असते, हेही रुग्णाने ध्यानात ठेवावे.

वेदना गप्प झाली तर

आता या विषयातील सर्वांत गंभीर भागाकडे वळू. चेहऱ्यात रोहिण्यांचे दाट जाळे आहे. जेल चुकून रोहिणीत शिरले, किंवा बाहेरून तिच्यावर दाब पडला, तर पुढचा रक्तपुरवठा तुटतो. भुवयांमधील भाग आणि नाक येथील रोहिण्यांचे डोळ्याच्या रोहिणीशी संधान असते. तेथे जोराने रेटलेले जेल उलट्या दिशेने जाऊन दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा बंद करू शकते, आणि अशा वेळी कायमचे अंधत्वही आले आहे. असे अपघात क्वचित घडतात, परंतु घडले म्हणजे हाती वेळ फार थोडा असतो.

या अपघाताची दोन प्रमुख लक्षणे म्हणजे अनपेक्षित तीव्र वेदना आणि त्वचेचा बदललेला रंग. प्रथम ती पांढरी फटक पडते आणि मग तिच्यावर निळसर जाळीदार छटा उमटते. आता वेदना घालविण्याच्या उपायांकडे पुन्हा एकदा पाहावे. लिडोकेन मिसळलेले जेल आणि चेतातंतूची भूल ही पहिले लक्षण झाकून टाकतात. बर्फ, मलम आणि ॲड्रेनलिन मिसळलेली भूल यांनी रक्तवाहिन्या आकुंचन पावून त्वचा आपोआपच फिकट पडते, म्हणजे दुसरे लक्षणही संदिग्ध होते. ज्या उपायांनी रुग्णाला सुख होते तेच उपाय धोक्याचा आवाज दाबतात, असा हा पेच आहे.

म्हणून या उपायांचा त्याग करावा असे नाही. वेदनेने रुग्ण दचकला, त्याने मान हलविली, तर सुई भलतीकडे जाते आणि तोही धोकाच आहे. वेदनेचे काम दुसऱ्या कोणावर तरी सोपवावे लागते, एवढेच. जाणता चिकित्सक भूल देण्यापूर्वी त्वचेचा रंग नीट पाहून ठेवतो, थोडे थोडे द्रव्य सोडतो आणि मधून मधून बोटाने त्वचा दाबून सोडतो. रक्तपुरवठा ठीक असेल तर दाबाने गेलेला रंग दोनेक सेकंदांत परततो. तो रेंगाळला तर टोचणे तत्काळ थांबवून हायलुरॉनिडेज हे विकर टोचले जाते. ते हायलुरॉनिक आम्लाचे जेल विरघळवून टाकते. कॅल्शियमयुक्त किंवा पॉलिलॅक्टिक आम्लाच्या भरण-द्रव्यांवर मात्र त्याचा उपयोग होत नाही. कोणते द्रव्य टोचले जात आहे हे विचारून घेण्याचा रुग्णाला म्हणूनच पूर्ण अधिकार आहे.

लिडोकेनची भूल सामान्यतः तास-दोन तासांत उतरते. तोपर्यंत रुग्ण बहुधा घरी पोहोचलेला असतो, आणि झाकलेली वेदना तेथेच प्रथम वर येते. थोडी ठणक, थोडी सूज आणि हात लावल्यावर होणारे दुखणे हे अपेक्षितच आहे. दिवसागणिक ते ओसरते. परंतु भूल उतरल्यावर वेदना वाढतच गेली, त्वचेवर पांढरा अथवा जाळीदार निळसर पट्टा दिसला, किंवा बारीक पुळ्या उठू लागल्या, तर वेदनाशामक गोळी घेऊन झोपी जाऊ नये. ज्याने उपचार केला त्या चिकित्सकाशी त्याच क्षणी संपर्क साधावा. दृष्टी अंधुक झाली किंवा डोळ्यात कळ आली तर वाट न पाहता नेत्रविभाग असलेले मोठे रुग्णालय गाठावे. रात्री-अपरात्री कोणाला बोलवावयाचे हे उपचारापूर्वीच विचारून कागदावर लिहून घ्यावे. ज्या ठिकाणी या प्रश्नाला नीट उत्तर मिळत नाही, किंवा जेथे विकर आणि प्राणवायू यांची सोय नाही, तेथे सुई कितीही बारीक असली आणि भूल कितीही चांगली असली तरी तो उपचार घेऊ नये.